गोल काचेतलं पाणी

"गुडघ्याचं काही सांगू नका. काल त्याच गुडघ्याने तुम्ही चार मजले चढून जेवायला गेला होतात," ती म्हणाली.

केबिन एवढीशी, की भांडायलाही आळीपाळीने उभं राहावं लागत होतं. नवरा पलंगाच्या कडेवर बसून एकच मोजा उलटा-सुलटा करत होता. मुलगा दाराला टेकलेला, सून आरशात बघत सनक्रीम लावतेय असं दाखवत सगळं ऐकत होती. जहाज सकाळी धक्क्याला लागलं होतं, संध्याकाळी पाचला सुटणार होतं.

"बाबा, हेच बंदर ना?" मुलगा म्हणाला. "तुम्हीच सांगायचात, धक्क्यावरून चालत पंधरा मिनिटं, खडकामागे पायऱ्या, पाण्यात पायाची नखं दिसतात. मी क्रूझ शोधून शोधून हीच घेतली."

"आता तिकडे बांधकामं झाली असतील."

"बघून तर येऊ."

"तुम्ही जाऊन या. मी इथे बरा आहे."

"वा," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं एकटे डुंबलात. बायकोला न्यायची वेळ आली, की लगेच बांधकाम झालं."

हे डुंबणं घरात जुनं होतं. नवरा अशाच प्रवासी जहाजांवर लॉण्ड्रीत कामाला होता. आठ महिने पाण्यावर, दोन महिने घरी. लग्नानंतरच्या पहिल्या पत्रात त्याने लिहिलं होतं, 'इथे गोल काचेतून निळंशार पाणी दिसतं. बघत राहावंसं वाटतं.' ते पत्र तिने शेजारच्या तिन्ही घरांत वाचून दाखवलं होतं. पुढे पत्रं जाऊन फोन आले, आणि त्या पाण्याला खडक आला, पायऱ्या आल्या, दुपारचं पोहणं आलं. ऐकून तिला बरं वाटायचं. मग मुलाला टायफॉइड झाला. अकरा दिवस ती इस्पितळातल्या लोखंडी स्टुलावर बसून होती, आणि घरी येऊन फोन उचलला तर पलीकडून तेच निळं पाणी. तेव्हापासून बरं वाटणं संपलं. सासरे गेले, छत गळलं, मुलगा दहावीला गटांगळी खाऊन आला. दर वेळी तिच्या तोंडी एकच वाक्य. "तुम्ही तिकडे डुंबत होतात." तो कधी उलटून बोलला नाही. ती त्यालाच कबुली समजायची.

शेवटी त्याने मोजे चढवले.

धक्क्याच्या फाटकाबाहेर तो उजवीकडे वळला, थांबला, मग डावीकडे वळला. बर्फाच्या कारखान्यापाशी पुन्हा थांबला. इतक्या वेळा आलेला माणूस कोपऱ्याकोपऱ्यावर पाट्या वाचतोय, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. त्याने त्यांना जिथे नेलं तिथे पाण्यावर तेलाचा तवंग होता आणि एक फुटकी बादली तरंगत होती.

"बाबा, नखं सोडा, इथे पायसुद्धा दिसायचा नाही," सून म्हणाली.

पालथ्या होडीला रंग देणाऱ्या एका म्हाताऱ्याला तिनेच खाणाखुणा करून विचारलं. त्याने ब्रशानेच दिशा दाखवली. गोदामांच्या मागून, जाळ्या वाळत घातलेल्या बोळातून ते गेले, आणि बोळ संपला तिथे खाली दगडी पायऱ्या होत्या.

पाणी खरंच तसं होतं. तळाचे गोटे एकेक करून मोजून घ्यावेत इतकं स्वच्छ, आणि जरा पुढे निळं. मुलगा आणि सून चपला फेकून आत शिरले. तीही घोट्यापर्यंत उतरली. नखं दिसत होती.

नवरा वरच्या कोरड्या पायरीवर बुटांसकट उभा होता. बराच वेळ बघून तो पुटपुटला, "नीळ थोडी जास्त पडलीय."

"काय म्हणालात?"

"काही नाही."

ती पायऱ्या चढून त्याच्याजवळ आली. "तुम्ही इथे कधीच आला नव्हतात."

तो खाली बसला. गुडघा खरंच दुखत असावा. "चादरींना शेवटच्या पाण्यात नीळ घालायचो आम्ही. मशीनच्या दाराला गोल काच असते. त्यातून दिसायचं ते."

"मशीनची काच?"

"तू जहाजाची खिडकी समजलीस. उत्तरात लिहिलंस, 'तुम्ही समुद्र बघता, मला इथे बसून गार वाटतं.' इतकी खूश होतीस. मग कसं सांगणार? आमची लॉण्ड्री तर तळाला. खिडकीच नाही."

"आणि बंदरात?"

"अगं, बंदरातच तर काम. लोक फिरायला उतरले, की सगळ्या केबिनींच्या चादरी खाली यायच्या. या पायऱ्यांचं वरची वेटर पोरं येऊन सांगायची. एकदा अर्धा दिवस सुट्टी मिळाली होती." तो जरा हसला. "झोपलो."

"मी एवढं टोचून बोलायचे. तेव्हा तरी सांगायचंत."

"तू रागवायचीस, तोवर ठीक होतं. खरं कळलं असतं तर रडत बसली असतीस."

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. सुट्टीवर यायचा तेव्हा बोटांची कातडी पांढरी होऊन सोललेली असायची. जेवताना मीठ लागलं की तो हात झटकायचा. "डुंबून डुंबून कातडी सुटली," ती म्हणायची, आणि मुलगा हसायचा. मुलाला हसायला तिनेच शिकवलं होतं.

खालून मुलाने हाक मारली, "आई, ये ना, बाबांचं पाणी आहे हे." तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चार वाजता चौघं जहाजावर परतले. चहाच्या टेबलावर मुलगा फोटो दाखवत होता. "उद्याच्या बंदरात याहून भारी पाणी आहे म्हणे. आठला उतरू या."

"तुम्ही दोघं उतरा," ती म्हणाली. "आम्ही इथेच राहणार."

"का? बाबांचा गुडघा?"

"गुडघ्याचं काही नाही. मला खालची लॉण्ड्री बघायची आहे. चौकशीच्या काउंटरवर जाऊन परवानगी काढून आण. उद्या सकाळची, लोक उतरल्यावरची."

नवऱ्याने कप खाली ठेवला. "अगं, तिथे फार उकडतं."

"तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. "मी सुती साडी नेसून येणार आहे."