मोठी आणि पुठ्ठ्याचा पक्षी

आमची मोठी बहीण बिघडलेली वस्तू उघडल्याशिवाय राहत नसे. घड्याळ, मिक्सर, छत्री, एकदा तर चर्चमधल्या पेटीचा भातासुद्धा. घरात सगळे तिला नुसतं 'मोठी' म्हणत. वसईला आमच्या वाडीतला पंप बंद पडला की पप्पा मेकॅनिकच्या आधी तिला हाक मारायचे. ओट्यावर पाय पसरून बसायची, एकेक स्क्रू बशीत ठेवत जायची. सगळंच दुरुस्त व्हायचं असं नाही. पप्पांचा रेडिओ तिनं कायमचा गप्प केला आणि वर त्यालाच दोष दिला.

दुसऱ्याची धडपड मात्र तिला बघवत नसे. "दे इकडे," म्हणून ती हातातलं काढूनच घ्यायची. माझी शाळेतली सगळी हस्तकला तिनंच केलेली. लग्न होऊन नायगावच्या टॉवरमध्ये राहायला गेली, तिथेही शेजारणी कुलपं आणि कुकर घेऊन तिच्या दारात उभ्या असत.

आजार निघाला तेव्हा ती चाळिशीची होती. केमो घेऊन आली की दुसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायची. कसं वाटतंय विचारलं तर आमच्याकडे पाणी किती वाजता येतं ते विचारायची.

त्याच काळात मुंबईतल्या एका डिझाइन संग्रहालयात लहान मुलांची कार्यशाळा असल्याचं तिनं कुठेतरी वाचलं आणि जोएलला, तिच्या आठ वर्षांच्या मुलाला, न्यायचंच ठरवलं. भाऊजींनी गाडी काढली, मीही गेले. दोरा ओढला की पंख हलवणारा पुठ्ठ्याचा पक्षी बनवायचा होता. आईवडिलांनी मागच्या बाकांवर बसायचं, मदत करायची नाही, असा नियम होता. जोएलचा दोरा सारखा भोकातून निसटत होता. तो वळून वळून आईकडे बघायला लागला, डोळे भरून आले. शेवटी शिकवणाऱ्या मुलीलाच दया आली. ती मोठीला म्हणाली, "मॅडम, तुम्ही बसा त्याच्याजवळ."

मोठी लगेच उठली. तिनं दोरा घेतला, तो खाली पडला. परत घेतला, परत पडला. मला वाटलं, घाईत होतंय. मग तिनं दोरा ओठांत धरला आणि बोटं एकमेकांवर चोळली, थंडीत चोळतात तशी. जोएल वाट बघत होता. मी अर्धवट उठले, तर तिनं माझ्याकडे न बघताच मान हलवली.

"जोएल, मला नाही जमत रे," ती म्हणाली. "तू कर. मी इथेच आहे."

हे वाक्य मी तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. जोएलनं नाक पुसलं आणि बऱ्याच वेळानं पक्षी पुरा केला. त्याचा एकच पंख हलत होता.

बाहेर भाऊजी गाडी आणायला गेले तेव्हा तिनं मला सांगितलं, की औषधानं महिनाभर बोटं बधिर आहेत, ब्लाउजचे हूक आरशात बघून लावावे लागतात. भाऊजींना माहीत नव्हतं. दुखणं आता हाडांत पोचलंय, हेही तिनं त्याच सुरात सांगितलं. मी काय करू, असं विचारलं. माझाच हात तिनं दोन्ही हातांत धरला. पण धरलाय हे तिला कळत होतं की नाही, कोण जाणे.

पुढचा नाताळ तिनं पाहिला नाही.

परवा जोएल माझ्याकडे राहायला आला होता. शाळेच्या शर्टाचं बटण तुटलं म्हणून सुईदोरा मागून घेतला आणि खिडकीशी बसला. मी हात पुढे केला, तर त्यानं शर्ट घेऊन माझ्याकडे पाठ केली. बोटाला सुई टोचली, शर्टाला रक्ताचा ठिपका लागला, तरी त्यानं मान वर केली नाही. बाहेर अंधारून आलं होतं. मी उठून दिवा लावला. तेवढंच करता आलं.