ज्याच्या हाती खराटा

माझ्या साडभाऊंइतक्या उत्सुकतेनं दुसऱ्याच्या कचऱ्याकडे पाहणारा माणूस साऱ्या भंडारा जिल्ह्यात झाला नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. बाजारओळीत त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं; पण दुकान उघडण्याआधी, उजाडता उजाडता, ते अख्खी ओळ झाडून काढत. झाडत म्हणण्यापेक्षा वाचत म्हणावं. खराट्याच्या टोकानं एकेक वस्तू उलटीपालटी करायची, मान डोलवायची आणि पुढे सरकायचं. "किराणावाल्याकडे काल पाहुणे होते," ते मला सांगत. "देठं पाहा ना, बाबूसाहेब. एवढं कवळं वांगं थो घरच्या बायकोले नाही खाऊ घालत." मी नगरपालिकेत कारकून, म्हणून बाबूसाहेब. त्या हाकेत कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधी नीट कळलं नाही. त्यांच्या बायकोचा टोमणा मात्र स्वच्छ असे. "घरचं आंगण मी झाडतो, आन् हा माणूस गावाचं झाडून राहिला! माह्याशी कायले लगन केलं यानं? खराट्याशीच लावाचं होतं."

खराट्यावर त्यांचा जीव होता हे खरंच. आंधळगावच्या एका नातेवाइकाच्या शेताच्या धुऱ्यावरची तूर निघाली की काड्यांचा भारा एसटीच्या टपावरून यायचा आणि साडभाऊ गिऱ्हाईक ताटकळत ठेवून खराटे बांधत बसायचे. तेही माणसाच्या मापाचे. दुकानांच्या ओट्यांवर तेव्हा सातजण राहत. कुणाला लेकांनी बाहेर काढलेलं, कुणाचं डोकं फिरलेलं, कुणी नुसतंच चालत आलेलं. नवा माणूस ओट्यावर दिसला की साडभाऊ त्याच्या शेजारी टेकत आणि विचारत, "गाव कोनतं? आन् तिथं सकाळी उठून का करत होतास?" आणि उत्तर पुरं ऐकून घेत. एकानं "म्हशी पाहत होतो" म्हटलं, तर त्याला सगळ्या म्हशींची नावं विचारली. एका म्हशीचं नाव आठवेना, तेव्हा दोघं तासभर गंभीरपणे आठवत बसले होते. मग त्याला उभं करून, खांद्यापर्यंत माप घेऊन खराटा बांधून दिला. ज्याच्या दुकानापुढे झाडायचं त्याच्या घरून दोन वेळचा भात, असं त्यांनी दुकानदारांशी भांडून ठरवलं होतं. ओळ आरशासारखी असे. बाहेरगावचे लोक विचारत, इथं लग्नबिग्न आहे का?

यामागे त्यांचा एक सिद्धान्त होता. ज्याच्या हाती खराटा, त्याला कुणी हाकलत नाही. हा सिद्धान्त त्यांनी पडताळून पाहिला होता. एकदा ते मळकं धोतर नेसून एका मोठ्या कचेरीत गेले. शिपायानं दारातूनच हुसकावलं. दुसऱ्या दिवशी तेच धोतर, पण हातात खराटा. शिपाई बाजूला झाला, कुणी अडवलं नाही, आणि साडभाऊ झाडत झाडत थेट साहेबाच्या खोलीत पोचले. "खुर्चीखाली झाडलं, बाबूसाहेब," ते हसू दाबत सांगत. "आन् साहेबानं कागदातून मान नाही काढली. गुपचूप पाय वर्ते घेतले!"

हा किस्सा मी शंभरदा ऐकला आणि शंभरदा हसलो. पुढचं सांगताना मात्र हसू येत नाही.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. बाजार पाहायला कुणी मोठे अधिकारी येणार होते. ओळीतले अडथळे हटवायची यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं. हातगाड्या, खोकी, मोकाट जनावरं आणि शेवटी 'बेवारस इसम : सात'. त्यांना मी सकाळ-संध्याकाळ पाहत होतो. एकाच्या म्हशींची नावंसुद्धा मला ठाऊक होती. तरी तो शब्द मी लिहिला, नि खाली रेघ मारली. यादी बाजारचौकीच्या दारावर लागली.

ठरलेल्या दिवशी पहाटे ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आम्ही गेलो, तर ओट्यावर झोपलेलं कुणी नव्हतंच. सहाजण खराटे घेऊन असे झाडत होते, जणू त्यांचा जन्म नगरपालिकेच्या नोकरीत गेलाय. मुकादमानं डोकं खाजवलं. "बाबूसाहेब, यातला बेवारस कोनता? हे तं आपलेच वाटतात." मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू! पण सातवी होती. लाखांदूरकडची म्हातारी, तिला सगळे लाखांदूरवालीच म्हणत. लकव्यानं तिचा उजवा हात गेलेला. ती खांबाला टेकून बसली होती, खराटा मांडीवरून घसरून खाली पडला होता. साडभाऊ ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला होते. "हे एक तरी लिस्टात हाय ना?" मुकादमानं विचारलं. रिकामी ट्रॉली परत नेली तर साहेब काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी "हो" म्हणालो.

दुपारी साडभाऊ आले. "टराली कोनीकडे गेली?" मी म्हणालो, "बपेऱ्याकडे. राज्याच्या हद्दीवर सोडतात." ते म्हणाले, "चला मंग." त्यांनी दुकान बंद केलं, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तुमसरच्या पुढे एसटीत मला राहवेना. मी सगळं सांगितलं. यादी, शब्द, तो "हो". ते खिडकीबाहेर पाहत होते. "अक्षर ओळखलं होतं मी," ते म्हणाले. "बेवारसातला 'ब' किती गोल काढता तुमी. सुंदर. पन बाबूसाहेब, बेवारस काहून? मले विचारलं असतं तं सात वारस लिहून देल्ले असते."

म्हातारी सापडली नाही तर काय, हा एकच विचार बसच्या प्रत्येक धक्क्याला वर येत होता.

ती सापडली. बपेऱ्यात एका चहाच्या टपरीपुढे, पळसाची फांदी डाव्या हातात धरून, जमीन ओरबाडावी तशी झाडत होती. साडभाऊंना पाहून तिनं फांदी उंचावली. "पाहा ना भाऊ, डाव्या हातानं बी जमते!" मी घाईघाईनं म्हणालो, "आजी, चला, घ्यायला आलो." ती टपरीच्या फळीकडे बघत म्हणाली, "आता कायले? इथं कोनी हाकलत नाही." मग माझ्याकडे मान वळवली. "हे बाबू कोन?" ती ट्रॉलीत चढली तेव्हा मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो, पण तिच्या डोळ्यांनी मला ओळखलं नाही.

साडभाऊ म्हणाले, "हा माहा साडभाऊ. खराटा चांगला मारते."

उभ्या आयुष्यात मी खराट्याला हात लावला नव्हता.

म्हातारी बपेऱ्यातच राहिली. दुसऱ्या सकाळी मी ओळीत गेलो. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त खांद्यापर्यंत माझं माप घेतलं. त्याला आता दहाएक वर्षं झाली. गुडघे गेल्यानं साडभाऊ नागपूरला लेकाकडे असतात. पत्रात तब्येतीची एक ओळ, बाकी सारी चौकशी कचऱ्याची. ओळीत सध्या काय निघून राहिलं? किराणावाला सुधरला का? मी सविस्तर कळवतो. नव्या दुकानांना ओटेच नाहीत; आता तिथं कुणी राहत नाही, आणि ती माणसं कुठं गेली हे मला कळवता येत नाही. ते मात्र दर पत्रात विचारतात.

परवा कापडाच्या नव्या दुकानापुढे झाडत होतो. मालक दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसला होता. मी जवळ गेलो, तसं त्यानं पेपरातून मान न काढता पाय वर घेतले. मी खुर्चीखालचं झाडून घेतलं. आज हे साडभाऊंना लिहायला बसलोय.