'पाठवा' दोनदा दाबलं तर

"मोठ्यानं वाचा सर," असं म्हणून तो खुर्ची माझ्या टेबलाशी ओढायचा आणि डोळे मिटून घ्यायचा.

चिंचवडच्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत तो टेस्ट लिहायचा. टेस्ट म्हणजे स्क्रीनवरचं एखादं बटण नीट वागतंय ना, हे तपासणारा छोटासा कोड. मूळचा लातूरकडचा. आमच्याकडे येण्याआधी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये बोल्ट तपासायचा.

मी त्याचा टीम लीड. माझ्या टेस्टची नावं 'टेस्ट एक', 'टेस्ट नवीन', 'टेस्ट नवीन फायनल'. तीच मोठ्यानं वाचली.

"पोरांची नावं बी अशीच ठेवलीत का?" डोळे न उघडताच त्यानं विचारलं.

त्याच्या टेस्टचं नाव म्हणजे सरळ वाक्य. 'रकाना रिकामा असेल तर पाठवा बटण दाबलं जात नाही.' चहा आणणाऱ्या मावशींना ते वाचून दाखवायचा; त्यांना कळलं तरच पास. एकदा मावशींनी विचारलं, रकान्यात नुसती मोकळी जागा टाकली तर? त्या प्रश्नानं आमचा अख्खा दिवस खाल्ला. असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. जपा त्याला. मी जपला नाही.

चाकणच्या एका कारखान्याला कँटीनची स्क्रीन द्यायची होती. तो लग्नाला गावी गेलेला. ऐनवेळी त्याची एक टेस्ट लाल झाली, म्हणजे नापास: 'पाठवा दोनदा दाबलं तरी ऑर्डर एकदाच जाते.' मी बटण दुरुस्त केलं नाही. टेस्टच बंद केली.

सोमवारी तिथल्या सुपरवायझरनं सवयीनं दोनदा दाबलं. सहाशे माणसं, बाराशे थाळ्या. गेटवरचे वॉचमन संध्याकाळपर्यंत शिरा खात होते, आणि शेवटी कुत्र्यांनीही तोंड फिरवलं म्हणे.

आमच्या मालकांनी मीटिंगमध्ये विचारलं, टेस्ट कोण बघतं? सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मी वहीत काहीतरी लिहीत राहिलो. महिन्याभरात त्याची नोकरी गेली.

चार वर्षं गप्प होतो. गेल्या आठवड्यात फोन केला. तो परत भोसरीत, बोल्टांवर. मागे मशीन चालू होतं, म्हणून कबुलीसुद्धा मला ओरडून द्यावी लागली.

"ते मला गावाहून आलो त्याच दिवशी दिसलं होतं सर," तो म्हणाला. "कोडमध्ये कुणी काय बदललं, ते नावासकट राहतंय की."

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही बोलताल आता."