‘काय न्हाय’ म्हणणाऱ्यांची हरकत

उत्तनच्या बाजूला एका मासेमाराच्या घरात मी लग्न होऊन आले, त्याच आठवड्यात मला तिथला पहिला धडा मिळाला. सासरे समुद्रावरून आले होते. पाटी इतकी भरलेली, की अंगणात उतरवायला दोन माणसं लागली. मी कौतुकाने म्हटलं, "बाबा, आज भरपूर मिळाली!" सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या बोटीला भोक पाडलं.

"काय न्हाय," एवढंच म्हणून ते पाय धुवायला गेले.

सासूबाईंनी मला दंडाला धरून आत नेलं. "मासळी मिळाली असं तोंडातून काढायचं न्हाय गो. नजर लागते. कोणी इचारलं तर काय न्हाय म्हणायचं."

माझं माहेर भाईंदर पूर्वेचं, मूळ रत्नागिरीचं. आमच्याकडे गावाहून आंब्याची पेटी आली, की ती फोडायच्या आधी अख्ख्या जिन्याला कळायचं. वडिलांना बोनस मिळाला तर वाण्यालासुद्धा ठाऊक. त्यामुळे इथलं हे झाकून ठेवणं माझ्या पचनी पडेना. गल्लीतून जाता-येता माणसं एकमेकांना विचारायची, "काय, कसं हाय?" आणि समोर चांदीसारखे बोंबील पसरलेले असताना उत्तर यायचं, "काय न्हाय." विचारणाऱ्याला खरं माहीत असायचं, सांगणाऱ्यालाही. मला आपलं उगाच हसू यायचं.

पुढे हसू यायचं बंद झालं. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. गावात मोबाईल नुकते दिसायला लागले होते. एक दिवस फाईल घेतलेली दोन शहरी माणसं घरोघर फिरून गेली. मासे कुठे मिळतात, किती मिळतात, कुठल्या महिन्यात, असे प्रश्न. मी तेव्हा भाईंदरला एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ऑफिसचं काम करायचे, त्यामुळे घरी नव्हते. रात्री जेवताना विचारलं, तुम्ही काय सांगितलंत? बाबांनी भात कालवता कालवता म्हटलं, "काय सांगणार? काय न्हाय म्हटलं."

त्यानंतर काही महिन्यांनी पेपरात जाहीर सूचना आली. आमच्या किनाऱ्याजवळ समुद्रात तेलाची विहीर खोदून बघायला एका कंपनीने परवानगी मागितली होती. ज्यांची हरकत असेल त्यांनी सुनावणीला यावं. सोबतचा अहवाल मी सरकारी ऑफिसात उभ्या उभ्या वाचला. त्यात आमच्या समुद्राबद्दल लिहिलं होतं, की या भागात मासेमारी नगण्य आहे, असं खुद्द स्थानिक मच्छीमारच सांगतात.

माझं डोकं फिरलं. बसने गावाजवळच्या डोंगरीच्या नाक्यावर उतरले ती तरातरा घरी आले आणि चप्पलही न काढता ओरडले, "तुमच्या काय न्हायने घात केला!"

बाबा जाळं शिवत बसले होते. विहीर जिथे खोदणार, तिथेच त्यांची डोल लागायची. डोल म्हणजे समुद्रात खुंट ठोकून त्याला बांधलेलं जाळं. ती जागा त्यांच्या आज्यापासूनची. ती गेली तर बोट घेऊन दुसरीकडे जाणार कुठे, सगळीकडे कोणाची ना कोणाची जागा. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी सुई थांबवली.

सुनावणीपर्यंतचे दिवस मी नुसती येरझाऱ्या घालत काढले. ऑफिसात बिलं टाईप करताना चुकायला लागले. संध्याकाळी बाबांच्या मागे लागायचे: तिथे सगळ्यांसमोर सांगा, काय काय मिळतं, किती मिळतं. ते समुद्राकडे बघत म्हणायचे, "बघू." या ‘बघू’ने माझा जीव टांगणीला लागायचा. सासूबाई भाईंदरच्या बाजारात वर्षानुवर्षं मासळी विकत आल्या होत्या, गिऱ्हाइकाला एका वाक्यात गप्प करायच्या. पण त्याही म्हणायच्या, "सांगितल्यावर राहील का ती मासळी?" मला वाटायचं, भिंतीवर डोकं आपटावं. आधी माझं की या दोघांचं, एवढंच ठरायचं होतं.

सुनावणीच्या दिवशी हॉल भरला होता. गावातली माणसं रांगेने उठत होती आणि हरकत आहे म्हणत होती. सुनावणी घेणारे साहेब विचारायचे, "मासळी किती मिळते?" उत्तर यायचं, "पोटापुरती." पुढचा उठायचा. "जास्त न्हाय, साहेब." कंपनीचा माणूस खुर्चीत मागे रेलून समजुतीच्या सुरात म्हणाला, "देखिए, यही तो हमारी रिपोर्ट में है. आप लोगों ने ही बताया है." मी माझं लिहून आणलेलं निवेदन घेऊन उभी राहिले. साहेबांनी विचारलं, "तुम्ही स्वतः मासेमारी करता?"

"नाही, माझे सासरे..."

"मग त्यांना बोलू द्या ना."

मी खाली बसले. 

बाबा उठले. माईक त्यांच्या हातात दिला तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला. साहेबांनी घड्याळ बघितलं. मला खात्री झाली की आता ते ‘पोटापुरती’ म्हणणार आणि आपलं सगळं संपणार.

"मासळी लय हाय," बाबा म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून घेतले आणि सांगायला लागले. पावसाळ्यानंतर होड्या सुटल्या की काय येतं, थंडीत बोंबील कसे जाळं फाटेल असे येतात, जवळा कधी, मांदेली कधी, घोळ मासळी एकदा अशी लागली की तिघांना ओढवेना. कुठल्या खुंटाला काय, तेही. आमच्या रांगेतले पुरुष खाली मान घालून बसले होते, चारचौघांत कोणी अंगावरचा कपडा उतरवावा आणि बघणाऱ्यांना लाज वाटावी, तसे. सासूबाईंनी दोन्ही हात कानशिलांना लावून कडाकड बोटं मोडली. बाबा बसले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मग बाकीचेही एकेक करून परत उठले आणि खरं बोलले. कंपनीचा माणूस सरळ होऊन बसला.

बसमध्ये सगळे खिडकीबाहेर बघत होते. मला एकटीलाच जिंकल्यासारखं वाटत होतं. घरी आल्यावर सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या घेऊन आधी बाबांची दृष्ट काढली, मग किनाऱ्यावर जाऊन बोटीची.

आणि त्या मोसमात मासळी खरंच आटली.

मला नजर-बिजर पटत नाही. एखादं वर्ष तसं जातंच, हे बाबांनीच कधीतरी सांगितलेलं. पण ते समुद्रावरून यायचे, पाटीच्या तळाशी चार बोंबील असायचे, कोणी विचारलं तर म्हणायचे, "काय न्हाय," आणि विचारणारा मान वळवायचा. तिकडे अर्जाचा निकाल लागेना. मी दुपारच्या सुट्टीत फोन करायचे. साहेब जागेवर नाहीत. फाईल वर गेलीय. वर म्हणजे कुठे, ते कोणी सांगायचं नाही. क्षितिजावर अनोळखी बोट दिसली की ती नाहीशी होईपर्यंत मी बघत राहायचे.

एकदा न राहवून मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बोलला नसता तर आज तिथे विहीर असती."

"विहीर न्हाय आली," ते म्हणाले. "मासळीपण न्हाय आली."

त्या रात्री मी खूप रडले. माहेरी फोन करून आईला सगळं सांगितलं. मग तिला तेच सांगायची सवयच लागली.

पावसाळ्यात बोटी वर ओढल्या गेल्या, नारळी पौर्णिमेनंतर परत पाण्यात गेल्या. निकालाचं पत्र काही आलं नाही, आजतागायत आलेलं नाही. थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी मी ऑफिसला निघत होते. अंगणात धप्पकन आवाज झाला. बाबा आणि त्यांचा खलाशी पाटी उतरवून धापा टाकत उभे होते. बाजूला दुसरी पाटी होती. बोंबील पाटीबाहेर सांडत होते. सासूबाई दारात आल्या, बघून पदर तोंडाला लावून तशाच आत गेल्या. आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

तेवढ्यात घरातला फोन वाजला. आई होती, माहेरून. रोजच्यासारखं काळजीने विचारत होती, "काय गं, आज तरी मिळाली का काही मासळी?"

दारातून मला अंगण दिसत होतं. बाबा हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत होते.

"काय न्हाय, आई," मी म्हटलं.