तिसरी वायर

इंजिन चालू असताना प्लगची वायर काढतात, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं. आमची जुनी पिकअप महिनाभर आचके देत होती. फिल्टर बदलून झाला, टाकी साफ करून झाली, पण फरक शून्य. शेवटी मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि गाडी चालू ठेवूनच चार सिलिंडरच्या चार वायरी एकेक करून काढायला घेतल्या. पहिली काढली तसं इंजिन थरथरलं, आवाज पडला. परत लावली, सावरलं. दुसरीचंही तेच. तिसरी काढली आणि काहीच झालं नाही. इंजिन आपलं आधीसारखंच लंगडत राहिलं.

"हाच तो," मिस्त्री म्हणाले. "असला काय, नसला काय, सारखंच. बाकीचे तिघं ओढतायत."

आम्हीही चार भाऊ. मंडप-डेकोरेशनचा धंदा सामाईक, पाटीवर चौघांची नावं. माझे कान तापले. त्या लोंबकळणाऱ्या वायरीकडे बघवेना. मला असं एखादा दिवस काढून बाजूला ठेवलं, तर घराचा आवाज बदलेल का? निदान जेवायच्या वेळी तरी बदलेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तेवढ्यात थोरल्या भावाचा फोन आला. दुपार टळत आली होती.

"अरे, पिकअप कुठाय? बांबू न्यायचेत."

"मी सकाळीच गॅरेजला आणलीय, दादा."

"तू? आम्हाला वाटलं, तू अजून झोपलायस."