रेघेवरचा पाय

साकोलीला प्राथमिक शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एका कापड दुकानदाराच्या घरी मला अंगणापलीकडची एक खोली भाड्यानं मिळाली. माझं लग्न झालेलं नव्हतं, आणि आता होईल असं कुणी म्हणतही नव्हतं. आईवडील लहानपणीच गेले. मामानं वाढवलं, तोही पुढे गेला. दिवाळीच्या सुट्टीत शाळेतले बाकीचे शिक्षक आपापल्या गावी निघून जात आणि मी खोलीतच राही.

घरमालकांना तीन मुली. तिघींची लग्नं होऊन बरीच वर्षं झालेली. दिवाळीला त्या नवरा-मुलांसकट माहेरी येत आणि घर गजबजून जाई. मी माझं दार अर्धं लोटून घेई. आपण दिसलो की त्यांना आपल्याला बोलवावं लागेल, असं वाटायचं. फराळाचं ताट मात्र न चुकता यायचं.

एका वर्षी भाऊबीजेनंतर जवळच्या एका गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरली होती. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडया भरतात, दंडार म्हणजे गावातल्यांचं नाचगाण्याचं नाटक असतं, मिठाईची दुकानं लागतात. जेवणं आटोपल्यावर घरातले पुरुष आणि मुलं बैलबंडीनं तिकडे गेली. बहिणी मागे राहिल्या. त्यांची आई पायरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी दारात वाचत बसले होते.

थोरली चाळिशीला आलेली, कानांवरचे केस पांढरे झालेले. तिनं एक काडी उचलली आणि सारवलेल्या अंगणात चौकोन आखायला सुरुवात केली.

"हे काय करून राहिली?" धाकटीनं विचारलं.

"बिल्लस. ये."

"पोरं पाहतीन तं हासतीन."

"पोरं गेली मंडईत. म्हणून तं."

खापराचा तुकडा टाकायचा आणि चौकोनांतून एका पायावर लंगडत जाऊन तो आणायचा, असा तो खेळ. त्यांना जोड्या करून खेळायचं होतं. आई काही उठेना. मग मधली माझ्या दारात आली.

"बाई, एक जण कमी पडते. येता काय खेळाले?"

"मला नाही येत," मी म्हटलं.

"काहून? लहानपणी नाही खेळल्या?"

नव्हते खेळले. मामाकडे माझ्या कडेवर कायम एखादं मूल असायचं. एक चालायला लागलं की दुसरं यायचं. इतर मुली खेळायच्या आणि मी मूल हलवत बाजूला उभी राहायची. पाहून पाहून नियम सगळे पाठ होते. पण हे तिला काय सांगणार? मी पुस्तक मिटलं, साडी वर खोचली आणि अंगणात गेले.

पहिल्यांदा एक पाय उचलला तेव्हा तोल गेला. पुढच्या वेळी गेला नाही. मग मला कळलं, हे जमतंय. छाती धडधडत होती, अंबाडा सुटला होता. मी मोठ्यानं हसत होते आणि ते हसू मलाच अनोळखी वाटत होतं. धाकटी एकदा धपकन बसली तेव्हा तिला उठवायला मीच धावले.

मग मधलीचा पाय रेघेवर पडला.

"बाद," थोरली म्हणाली.

"नाही पडला."

"पडला. मी पाह्यलं ना."

"तू तं लहानपणापासून अशीच आहेस. तुह्या डावात रेघ दिसत नाही, माह्याच डावात दिसते."

"अन् तू रडून आईले सांगे. आई तुलेच जवळ घे."

आई सूप खाली ठेवून म्हणाली, "माह्यं नाव नका घेऊ." तोवर दोघी कधीच्या कुठल्या चिंचांवर आणि फाटलेल्या परकरावर जाऊन पोचल्या होत्या. धाकटी मध्येच तेल ओतत होती. पाच मिनिटं नीट भांडण झालं. शेवटी मधली फणकारत बाजूला झाली आणि लगेच थोरलीच्याच खांद्यावर हात टाकून उभी राहिली.

माझा डाव आला. तिसऱ्या घरात माझा पाय सरळ रेघेवर पडला. मातीत बोटं उमटली. तिघींनी पाहिलं.

कुणी बाद म्हटलं नाही.

"माझा पाय पडला," मी म्हटलं. "मी बाद."

"राहू द्या ना बाई," थोरली म्हणाली. "चालते. खेळा तुम्ही."

"पण रेघेवर पडलाय."

"अवो, तुमाले कोणी काही म्हणते काय?" मधली म्हणाली. आता तिच्या आवाजात राग नव्हता. पाहुण्यांशी बोलावं तसं ती बोलत होती.

मी डाव पूर्ण केला. त्यांनी कौतुक केलं. आणखी दोनदा माझा पाय रेघेवर पडला असेल, पण त्यांनी मला एकदाही बाद केलं नाही. बंडीच्या घुंगरांचा आवाज आला तशा तिघींनी वर खोचलेल्या साड्या खाली सोडल्या आणि पोरांना पाणी द्यायला आत गेल्या. मीही खोलीत येऊन हातपाय धुतले. दमले होते, पण पुस्तक काही पुढे सरकेना. माझ्याशी असं कोण भांडलं असतं, ते आठवत बसले. कुणी आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं बहिणी आपापल्या गावी गेल्या. संध्याकाळी घरमालकीणबाई फराळाचं उरलेलं घेऊन आल्या आणि माझ्या उंबऱ्याशी टेकल्या.

"घर कसं खायाले उठते," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

मी चहा ठेवला. आम्ही दोघींनी तो उंबऱ्याशीच बसून प्यायला. मग त्यांना दिवाबत्ती करायची होती, त्या गेल्या.

त्या खोलीत मी आणखी काही वर्षं राहिले. बहिणी दिवाळीला येत राहिल्या, पण तिघी एकत्र अशा क्वचितच. थोरलीचे गुडघे धरले, धाकटीचे यजमान दूर बदलीवर गेले. अंगणात पुढे फरशी बसवली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझी तुमसरला बदली झाली. निघताना मधली माहेरी आलेली होती. तिनं मला कुंकू लावलं, ओटी भरली आणि पाया पडली.

"येत जा बाई," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. गेले मात्र कधीच नाही.