व्याह्यांसाठी वाचलेलं पुस्तक

दुकानात त्याच्या कात्रीइतकीच जीभही चालायची, म्हणून सगळे त्याला बातमीदार म्हणत. कुठलं सरकार टिकेल, कोण कुणाच्या गळ्यात गळा घालील, हे तो गिऱ्हाइकाच्या मानेवर मशीन फिरवता फिरवता सांगून टाकायचा. ही जीभ त्याला एकदाच नडली, पण चांगलीच नडली.

मुलीच्या लग्नातली गोष्ट. व्याही शेजारच्या प्रांतातले, शाळेतून निवृत्त झालेले शिपाई, मोजकं बोलणारे. जेवताना बातमीदार म्हणाला की, तुमच्याकडे सदरे बदलावेत तशी सरकारं बदलतात. आजूबाजूचे हसले. व्याही अर्ध्या ताटावरून उठले आणि पुढे दीड वर्ष ते या घराची पायरी चढले नाहीत.

मुलगी माहेरी आली तेव्हा बापाला म्हणाली, "बाबा, तिथलं तुम्हाला काही माहीत नाही. आणि माहीत नाही, हेही माहीत नाही."

हे त्याच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी तो वाचनालयातून त्या प्रांताच्या एका जुन्या मुख्यमंत्र्याचं आत्मचरित्र घेऊन आला. सहाशे पानं! शिक्षण सातवीपर्यंत, वाचन म्हणजे वर्तमानपत्राचं पहिलं पान. बायको म्हणाली, उशाला घ्या, मान तरी सरळ होईल. पण गडी चिकट. दुकान रिकामं झालं की तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून वाची. पुस्तकातली माणसं सारखी पक्ष बदलत, तेव्हा त्याने एक वही केली, प्रत्येकाच्या नावापुढे पक्ष लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. वाचनालयातल्या बाईंनी मुदत तीनदा वाढवून दिली.

तीनशे पानांनंतर धरण आलं. एकतीस गावं पाण्याखाली गेली होती आणि त्यांना जमिनी देण्याच्या प्रश्नावर एकामागून एक तीन सरकारं पडली होती. गावांच्या यादीत व्याह्यांचं मूळ गाव होतं. त्या दुपारी एका गिऱ्हाइकाची दाढी त्याने एक शब्दही न बोलता केली. बिचारा जाताना तब्येतीची चौकशी करून गेला.

मग त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि पुस्तक घेऊन थेट व्याह्यांचं घर गाठलं. त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं.

"लग्नात बोललो ते चुकलं माझं," बातमीदार म्हणाला. "तुमच्या गावाचं मला ठाऊक नव्हतं."

व्याह्यांनी चष्मा लावून ते पान सावकाश वाचलं.

"लोकांनी राजीखुशीने गाव सोडलं, असं लिहिलंय यांनी."

"हो."

"आम्हाला ट्रकमध्ये भरून नेलं. आई उंबरा सोडत नव्हती. तिला दोघांनी उचलली."

बातमीदाराने वहीचं कोरं पान काढलं आणि म्हणाला, तुम्ही सांगा, मी लिहितो. आयुष्यात पहिल्यांदा तो दोन तास नुसता ऐकत बसला. मुख्यमंत्र्याने जे गाळलं होतं ते व्याह्यांनी गावातल्या घरांच्या क्रमाने सांगितलं.

ऊन उतरल्यावर व्याही त्याला धरणाच्या काठी घेऊन गेले. पाणी आटलं होतं, मधे एका भिंतीचा माथा दिसत होता.

"ती शाळा. तिथे मी पाढे शिकलो."

बातमीदार परतीच्या गाडीची वेळ विचारू लागला, तेव्हा व्याही म्हणाले, "आज राहा. पलीकडच्या आळीचं अजून सांगायचंय."

बातमीदार चार दिवस राहिला.